दुसरी वाटी

मजूर बडनेऱ्याच्या रेल्वेकामावर गेले आणि मायच्या वावरात सोन्याच्या मोलाचा कापूस फुटून लोंबू लागला, तेव्हा तिचा मुलगा सूर्यभान, आता ख्रिस्ती मंडळीचा पाळक, मंडळीतली चार माणसं घेऊन वेचणीला आला. त्याने बाप्तिस्मा घेतल्यापासून माय त्याच्याशी बोलली नव्हती. आजही न बोलताच तिने कापसाच्या झाडाची, पऱ्हाटीची पूजा केली, दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि रीतीप्रमाणे पहिला घास वेचणाऱ्याला द्यायला वळली. सूर्यभान थिजला. नैवेद्याचं खाऊ नये, हे या चौघांना त्यानेच शिकवलं होतं. आणि मायचा हात परतवला, तर तो पुन्हा पुढे येणार नव्हता. मायने पदराखालून दुसरी वाटी काढली. “सूर्यभाना, हे पूजेआधीच काहाडून ठेवलं व्हतं. आमच्या देवाले दाखवलं नाही. म्हन तुह्या देवाची प्रार्थना अन् खाय.” पाळकाने हात जोडून डोळे मिटले. माय डोक्यावरचा पदर सारखा करून थांबली.