अकरा गोड कॉल

आमचा घटस्फोटाचा दावा फेटाळला गेला. कसा, ते सांगतो. एरवी बायको मला ‘गेंड्या’ म्हणते. ती फोनवर तसं म्हणाली की आमच्या मुलीचा ताबा मला मिळेल, म्हणून गुपचूप अकरा कॉल रेकॉर्ड केले. प्रत्येकात ती म्हणाली, “अहो, जेवलात का?” पुरावा बिघडू नये म्हणून मीही म्हणालो, “हो गं राणी.” तिच्या ‘अहो’मधला विखार कोर्टाला ऐकू येईलच, या भरवशावर पेनड्राइव्ह दिला. तिनेही दिला. तेच कॉल, तिने रेकॉर्ड केलेले. न्यायाधीशबाईंनी दोन्ही ऐकून चष्मा पुसला. “भांडण कुठंय? घरी जा.” जिन्यात बायको म्हणाली, “जन्मभर हेच थोबाड बघू?” रेकॉर्ड कसं करणार? दोघांचेही मोबाइल कोर्टात जमा होते. दोघांच्या वकिलांनी फेरविचारासाठी संयुक्त अर्ज केला: ‘उभय पक्षकारांस एकमेकांना पुराव्यादाखल शिव्या देण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत मिळावी, ही नम्र विनंती.’