घरचा नंबर

मधल्या सुट्टीत गणिताच्या सरांनी कालच्याप्रमाणे घरी फोन लावला, तर तो लागेचना. लेक दुपारी कॉलेजातून येईपर्यंत घरात आई एकटी, त्यात तिचं हृदय नाजूक, आणि मोबाइल काही केल्या तिला जमत नसे. तिच्यासाठीच तर त्यांनी परवा मोबाइल कंपनीकडून हा इंटरनेटवर चालणारा घरचा फोन बसवून घेतला होता.

दहाव्यांदाही लागला नाही, तेव्हा सरांनी कंपनीला फोन करून तिथल्या मुलीला चांगलंच फैलावर घेतलं.

"सर, घरातल्या राउटरचा दिवा लागलाय का?" तिने शांतपणे विचारलं.

"अहो, मी शाळेत आहे! इथून मला दिवा दिसणार आहे का? दोन दिवसांत फोन बंद पडतो तुमचा, आणि वर मलाच विचारता?"

पुढचा तास दुसऱ्याच्या गळ्यात मारून सर स्कूटर पिटाळत घरी पोचले. बेल वाजवली, दार बडवलं. बऱ्याच वेळाने आतून आईचा खोल गेलेला आवाज आला, "पडलेय रे... उठवत नाहीये. फोन हाताशीच आहे, केव्हाची तुला लावतेय, पण लागतच नाही मेला!"

"आलो, आई, आलो!" सरांनी किल्लीसाठी घाईघाईने बॅगेत हात घातला.

 

किल्लीच्या आधी हाताला लागला तो राउटरचा अडॅप्टर. परीक्षेच्या दिवसांत लेकीने नेटवर वेळ घालवू नये म्हणून सकाळी त्यांनीच गुपचूप काढून आणलेला.