उत्तर आल्याशिवाय

अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले सुखदेव सर सदाशिव पेठेतल्या वर्गात आयटीआय झालेल्या मुलामुलींना तिथल्या नोकरीसाठी तयार करत. पहिला धडा कायम तोच. "व्हॉल्व्ह बंद केला की मोठ्याने सांगायचं. जोडीदाराने तेच वाक्य परत म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही. नुसतं 'हो' चालत नाही. तिथे एकट्याने केलेलं काम पुरं झालं असं कुणी धरत नाही."

"सर, घरीपण असंच करता?" आम्रपालीने मागच्या बाकावरून विचारलं.

"करतो की. आमच्या सौ. ललिताबाई म्हणतात, 'ऐकलं, बहिरी नाही मी.' पण 'गॅस बंद' परत म्हणतात."

वर्ग हसला. सरही हसले.

संध्याकाळी वारज्याला पोचल्यावर त्यांनी खिशातल्या किल्लीने कुलूप उघडलं, कपभर दूध तापवलं आणि शेगडीचं बटण फिरवलं.

"गॅस बंद," ते मोठ्याने म्हणाले.



ललिताबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती, पण उत्तर आल्याशिवाय हलायचं नसतं, म्हणून ते ओट्यापाशी उभेच राहिले.