पुढच्या वर्षाची घंटा

"बाई, मला खांद्यावर कोण घेणार?" पहिलीतल्या सान्दाने विचारलं.

मोल्दोव्हातल्या त्या खेड्यात शाळेच्या पहिल्या दिवशी सर्वांत मोठा विद्यार्थी सर्वांत लहान मुलीला खांद्यावर घेऊन पटांगणात फेरी मारी आणि ती मुलगी हातातली पितळी घंटा वाजवी. यंदा युरोपच्या मदतीतून शाळेवर नवं छप्पर आलं होतं, फाटकापर्यंत गुळगुळीत रस्ताही. त्याच रस्त्याने मुलं आईबापांमागे इटलीला गेली. उरली एकटी सान्दा. तीही गेली की शाळेला कुलूप.

युरोपच्या सीमा खुल्या व्हाव्यात म्हणून शाळेच्या इलिंकाबाई कधीकाळी याच मुलांच्या आईबापांना घेऊन चौकात झेंडे फडकवत उभ्या राहिल्या होत्या.

"ये, मीच घेते," दुखरा गुडघा जमिनीला टेकत त्या म्हणाल्या. "जड झालीस गं."

"आजीने शनिवारच्या बसची तिकिटं काढलीत. आईकडे. आता सीमेवर कुणी अडवत नाही, तुम्हीच सांगितलंत ना?"

"सांगितलं खरं."

रिकाम्या पटांगणात फेरी पुरी झाली. सान्दाने घंटा थांबवली. "आता उतरू?"

बाई धापा टाकत होत्या, तरी पुन्हा चालू लागल्या.

"थांब जरा. पुढच्या वर्षाचीही वाजवून टाक."