नगण्य

समीकरणातलं एखादं पद छोटं दिसलं की सर त्यावर खडूची काट मारत आणि म्हणत, “नगण्य!” क्वांटमच्या गणितात हे आयुष्यभर खपून गेलं. पण त्यात गुरुत्वाकर्षण मिसळायला घेतलं आणि दर वेळी फळ्याच्या तळाशी अनंताचा आडवा आठ येऊन पसरायला लागला. उत्तर अनंत आलं, म्हणजे गणित बोंबललं.

त्या दिवशी भर चर्चेत त्यांची संशोधक विद्यार्थिनी उठली आणि तडक फळ्यापाशी गेली.

“सर, गुरुत्वाकर्षणापुढे नगण्य कुणीच नसतं. इथे प्रत्येकाचं वजन धरावं लागतं.”

सरांनी काट मारलेलं एक पद तिने पुन्हा मांडलं आणि गणित शेवटपर्यंत नेलं. अनंताने अनंताला खाल्लं. तळाशी उरला एक साधासुधा, शहाणा आकडा.

“झकास!” सर खुर्चीतून उठलेच. “आता शोधनिबंध छापायला पाठवू या. त्याच्या शेवटी तुझे आभार मानतो.”

“आभार नकोत, सर. वर तुमच्याशेजारी नाव हवं.”

“अगं, एवढ्याशा पदासाठी नाव? बाकी सगळं काम माझं. तुझा वाटा तसा बघितला तर...”

“नगण्य?”

सर नुसते हसले.

तिने डस्टर उचललं, आपलं तेवढं पद पुसलं आणि त्याच्याशिवाय जे उत्तर येतं ते तळाशी इमानदारीत लिहिलं. आडवा आठ.

“घ्या सर,” हाताचा खडू झटकत ती म्हणाली, “उरलेलं सगळं तुमचं.”