चहाडखोर

बोल्टच्या डोक्याखाली पांढरा ओघळ होता. बोटभर लांब, दोऱ्याइतका बारीक, खालच्या टोकाला किंचित जाड. ओरिन टीपलने त्यावरून नख फिरवलं. भुकटी नखात आली. ती त्याने जिभेला लावून पाहिली. चुना. पाण्यातला.

बोल्टच्या मधोमध बारीक भोक होतं. इंजिनाच्या भट्टीभोवतीच्या प्रत्येक बोल्टला तसं भोक असे. भट्टीला दोन पत्रे, मध्ये उकळतं पाणी, आणि त्या पत्र्यांना एकमेकांपासून फाटू न देणारे हे बोल्ट. बोल्ट तुटला की भोकातून पाणी झिरपायचं. म्हणून शेडमध्ये त्या भोकाला चहाडखोर म्हणत. पण चहाडखोराचं तोंड चुन्याने बुजतं. मग प्रत्येक बोल्ट हातोडीने वाजवावा लागतो. धड बोल्ट खणखणतो, तुटका बद्द वाजतो. मालगाड्या लांबत गेल्या तशा भट्ट्या चाकांपेक्षाही रुंद झाल्या आणि बोल्टही वाढत गेले. नव्या कायद्याने दर महिन्याला ते सगळे वाजवून बघायचे होते. हातोडी स्टेफान मारायचा. ओरिनचं काम ऐकण्याचं.

हा बोल्ट त्यांनी सकाळीच आतून वाजवला होता. ओरिनने मान डोलावली होती आणि दोघं पुढच्या बोल्टकडे सरकले होते.

ओरिनला दोन हिवाळे ऐकू येत नव्हतं. आधी पाखरं गेली, मग मुलीचा आवाज, शेवटी हातोडी. शेडमध्ये सगळेच ओरडून बोलत, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. घरी बायकोच्या, डेलाच्या लक्षात आलं. ती त्याच्यासमोर उभी राहून, ओठ नीट हलवून सांगायची, एकदाचं बोलून टाका. तो म्हणायचा, नाताळ होऊ दे. मग म्हणायचा, ईस्टर होऊ दे. ऐकण्याच्या कामावर बहिरा माणूस कोण ठेवणार? आणि दुसरं काम त्याला येत नव्हतं.

शिवाय त्याला एक वाट सापडली होती. स्टेफान हुडाकचा चेहरा. या कामावर येण्याआधी स्टेफान बॉयलरच्या कारखान्यात होता. बाहेरून पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकत, तेव्हा त्याने बॉयलरच्या आत वाकून बसायचं आणि लोखंडाचा ठोकळा दाबून धरायचा. कितीतरी वर्षं. तो फारसा बोलत नसे. स्लोव्हाक आहे, भाषा येत नाही, असं सगळे धरून चालले होते. एखाद्या बोल्टवर त्याचा हात रेंगाळायचा, तो ओरिनकडे बघायचा, आणि ओरिन खडूने फुली मारायचा. अधूनमधून तुटका बोल्ट सापडतही होता. त्यामुळे सगळं सुरळीत वाटत होतं.

खाली तेलाचं भांडं घेऊन व्हर्जिल उभा होता. ओरिनचा जावई. दुपारी हेच इंजिन घेऊन तो कोळशाची गाडी डोंगरापलीकडे नेणार होता. व्हर्जिल रोज दाढी करायचा, त्यामुळे त्याचे ओठ वाचता येत.

“काय सासरेबुवा, त्या चुलीत बसून दोघं कसल्या गप्पा मारता एवढ्या?”

ओरिनने हात हलवला आणि तो भट्टीच्या दारातून पुन्हा आत शिरला. स्टेफान पाठमोरा, गुडघ्यावर बसून हातोडी पुसत होता.

“स्टेफान,” ओरिन म्हणाला.

स्टेफान वळला नाही. आपला आवाज बाहेर पडला की नाही, हे ओरिनला कळेना. त्याने स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला आणि पुन्हा हाक मारली. गळा थरथरला. भट्टीच्या दारात व्हर्जिलचा चेहरा दिसला. काय झालं म्हणून तो धावत वर आला होता. स्टेफान अजून हातोडीच पुसत होता.

ओरिनने स्टेफानच्या खांद्याला हात लावला, खडू स्वतःच्या कानाला टेकवला आणि नाही म्हणून मान हलवली. स्टेफानने त्याच्याकडे बघितलं. मग आपल्या कानावर तळहात ठेवला आणि त्यानेही तशीच मान हलवली. दोन बोटं आपल्या डोळ्यांना लावली, मग ओरिनच्या चेहऱ्याकडे नेली.

मी तुझ्याकडे बघत होतो.

ओरिनला वाटलं, आता काहीतरी वाटायला हवं. काहीच वाटलं नाही. डोक्यात फक्त इंजिनं येत राहिली, एकामागून एक. दोन हिवाळ्यांत चढावर गेलेली. व्हर्जिल ज्यांच्यावर चढला ती. आत्ता, या घडीला, वाफ धरून डोंगरात असलेली.

तो बाहेर आला. मुकादम रॉइस पायरीशी थांबला होता. त्याच्या मिशा ओठांवर उतरलेल्या. त्याचं बोलणं ओरिनला कधीच वाचता येत नसे. पण त्याचा प्रश्न नेहमी एकच असायचा, इंजिन सोडायचं का, आणि ओरिनचं उत्तरही एकच, सोडा. मिशा हलल्या.

हातात खडू होता. त्या एका बोल्टवर फुली मारली असती तर भागलं असतं. बोल्ट बदलला असता, व्हर्जिल उद्या निघाला असता, आणि पुढच्या महिन्यात ओरिन आणि स्टेफान पुन्हा एकमेकांचे चेहरे बघत भट्टीत उभे राहिले असते. मागे स्टेफान बाहेर येऊन उभा राहिला. त्याची नजर ओरिनच्या ओठांवर होती.

ओरिनने खडू खिशात टाकला आणि गळ्यावर हात ठेवला.

“मी बहिरा आहे, रॉइस. ऐकायचं काम माझं होतं, दुसऱ्या कुणाचं नव्हे. दोन हिवाळ्यांत मी सोडलेली सगळी इंजिनं परत बोलवा.”