भुजली

राखीच्या दुसऱ्या दिवशी सानगडीच्या पोरी भुजली शिरवायला तलावावर निघाल्या, त्यांच्या मागे मीही गेले. टोपलीत उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब पाण्यात सोडायचे, थोडे हातात ठेवायचे आणि एकमेकींच्या कानामागे खोचायचे. ज्यांनी खोचले, त्या जन्मभराच्या मैत्रिणी.

माझी धाकटी बहीण दामिनी त्या पोरींत होती. नागपूर सोडून आम्ही इथे आलो तेव्हा ती माझी ओढणी सोडत नव्हती. मग तिच्या तोंडी 'मले', 'तुले' यायला लागलं आणि नागपूरच्या मैत्रिणी आल्या असताना मी त्यांच्यासमोर तिची नक्कल केली. त्याला आठ महिने झाले. त्या दिवसापासून तिने मला ताई म्हटलेलं नाही. काहीच म्हटलेलं नाही.

दामिनीने पाच जणींच्या कानामागे कोंब खोचले. सहावी मी जाऊन उभी राहिले. टोपलीतले थोडे कोंब घेऊन मी हात पुढे केला.

"तुमचं नाही चालत, ताई," तिची मैत्रीण कुंदा हसून म्हणाली. "सख्ख्या बहिणी भुजली नाही बदलत. परक्या पोरीसंगच बदला लागते."

मी हात खाली घेणार, तेवढ्यात दामिनी माझ्याकडे न बघता बोलली, "खोचू दे तिले. परकीच होय ते."

तिने शब्द मागे घ्यायच्या आत मी घाईघाईने कोंब तिच्या कानामागे खोचले.